उजेडाने उजळणारे, उजेडानेच विझणारे : क्वांटम डॉटच्या इतिहासाची दुसरी बाजू

१/
अखंड झोताखाली ठेवलेला एखादा कण अचानक विझावा, काही क्षणांनी आपोआप पुन्हा उजळावा आणि हा खेळ तसाच चालू राहावा. १९९६ मध्ये कॅडमियम सेलेनाइडचे सुटे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या संशोधकांना हेच दृश्य दिसले. लेसर स्थिर होता, लुकलुकत होते ते कण. या लुकलुकण्यामागचे कारण शोधताना विज्ञानाला एक अवघड गोष्ट मान्य करावी लागली. ज्या प्रकाशाने आपण हे कण पाहतो, तोच प्रकाश त्यांना बदलत असतो. आजचा धागा त्या शोधाच्या इतिहासाविषयी.

२/
२०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अलेक्सी एकिमोव्ह, लुई ब्रस आणि मुंगी बावेंडी यांना क्वांटम डॉटच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी मिळाले. त्या निमित्ताने सर्वत्र एकच गोष्ट सांगितली गेली : पदार्थ तोच, पण कणाचा आकार बदलला की रंग बदलतो. ती खरी आहे, पण अर्धी आहे. कण कोणत्या रंगात चमकेल हे मुख्यतः त्याचा आकार ठरवतो. तो किती तेजाने आणि किती काळ चमकेल, हे त्याचा पृष्ठभाग ठरवतो आणि त्याने आजवर किती उजेड झेलला आहे तेही ठरवते. ही उरलेली अर्धी गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

३/
आधी थोडी पूर्वपीठिका. क्वांटम डॉट म्हणजे अर्धसंवाहक पदार्थाचा काही नॅनोमीटर आकाराचा स्फटिक. त्यावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि त्याच्या जागी एक रिकामी जागा उरते. तिला ‘विवर’ म्हणतात. इलेक्ट्रॉन पुन्हा त्या विवरात उतरला की उरलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. स्फटिक जितका लहान, तितकी ही ऊर्जा जास्त. म्हणून कॅडमियम सेलेनाइडचे सुमारे ६ नॅनोमीटरचे कण तांबडे चमकतात, तर २ नॅनोमीटरच्या आसपासचे निळसर.

४/
इतक्या लहान कणात एकूण अणूंपैकी फार मोठा वाटा पृष्ठभागावर असतो. आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी मिळतात, पृष्ठभागावरच्या अणूचे काही बंध मात्र मोकळे राहतात. हे मोकळे बंध इलेक्ट्रॉनसाठी किंवा विवरासाठी सापळे ठरतात. एकदा इलेक्ट्रॉन सापळ्यात अडकला की त्याची ऊर्जा बहुधा उष्णतेत जिरते आणि अपेक्षित रंगाचा प्रकाश बाहेर येत नाही. या कणांचा सारा पुढचा इतिहास म्हणजे या सापळ्यांशी चाललेला झगडा. त्या झगड्यात प्रकाश कधी मित्र झाला, तर कधी शत्रू.

५/
सुरुवात काचेतून झाली. लेनिनग्राडच्या वाविलोव्ह प्रकाशशास्त्र संस्थेत एकिमोव्ह रंगीत काचेचा अभ्यास करत होते. कॉपर क्लोराइड मिसळलेली काच त्यांनी ५०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला, १ तासापासून ९६ तासांपर्यंत तापवली. क्ष-किरणांनी पाहता काचेत २ ते ३० नॅनोमीटरचे स्फटिक तयार झालेले आढळले, आणि लहान स्फटिकांच्या काचेने शोषलेला प्रकाश निळ्या बाजूला सरकलेला दिसला. १९८१ मध्ये हे निष्कर्ष सोव्हिएत नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याची सैद्धांतिक मांडणी अलेक्झांडर एफ्रोस यांनी केली.

६/
पश्चिमेकडे या कामाची वार्ता तेव्हा पोहोचली नव्हती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लुई ब्रस वेगळ्याच उद्देशाने कॅडमियम सल्फाइडचे कण पाण्यात तयार करत होते. सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेवर रासायनिक अभिक्रिया घडवून आणता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. टेबलावर काही काळ तशाच राहिलेल्या द्रावणाचे प्रकाशीय गुणधर्म बदललेले त्यांना दिसले, कारण दरम्यान कण वाढले होते. १९८३ मध्ये आकार आणि रंग यांचे हे नाते त्यांनी द्रावणातल्या कणांसाठी मांडले. हे कण जन्मापासूनच प्रकाश-रसायनाच्या प्रयोगशाळेत वाढले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

७/
त्याच सुमारास बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेत आर्निम हेंगलाइन यांना याची उलटी बाजू दिसली. हवेतील ऑक्सिजन विरघळलेल्या पाण्यात कॅडमियम सल्फाइडचे कण ठेवून त्यांवर प्रकाश टाकला, की कण विरघळू लागत. प्रकाशामुळे तयार झालेली विवरे पृष्ठभागावरच्या गंधकाचे ऑक्सिडीभवन घडवीत, शेवटी सल्फेट तयार होई आणि कॅडमियम पाण्यात निघून जाई. कण झिजत गेल्यामुळे तो शोषत असलेला प्रकाशही निळ्या बाजूला सरके. म्हणजे आकारावरून रंग ठरतो हे जसे खरे, तसेच उजेड आकार बदलू शकतो हेही खरे ठरले.

८/
ही अभिक्रिया आपल्या डोळ्यांसमोर, संग्रहालयांच्या भिंतींवरही चालू असते. चित्रकारांचा ‘कॅडमियम यलो’ हा रंग म्हणजे कॅडमियम सल्फाइडच. बेल्जियन चित्रकार जेम्स एन्सोर यांच्या एका तैलचित्रातील फिकुटलेल्या पिवळ्या रंगाचा क्ष-किरणांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पृष्ठभागावर सापडलेले पांढरे कण कॅडमियम सल्फेटचे होते. चित्रातले रंगकण क्वांटम डॉटपेक्षा पुष्कळ मोठे असल्याने तेथे हा बदल दिसायला अनेक दशके लागतात. नॅनोमीटरच्या कणाला तेवढी उसंत नसते, त्याचा पृष्ठभाग म्हणजे जवळजवळ तो स्वतःच.

९/
या झिजेचा उपयोगही करून घेण्यात आला. १९९६ मध्ये जपानमधील मात्सुमोतो, योनेयामा आणि सहकाऱ्यांनी एकाच तरंगलांबीच्या प्रकाशाने कॅडमियम सल्फाइडचे कण कोरून काढले. युक्ती साधी आहे. कण झिजून लहान झाला की एका टप्प्यावर तो त्या तरंगलांबीचा प्रकाश शोषेनासा होतो, आणि झीज तिथेच थांबते. मोठे कण मात्र त्या मापापर्यंत झिजत राहतात. अखेर सारे कण जवळपास एका आकाराचे होतात. उजेडच येथे कानस, आणि उजेडच मोजपट्टी.

१०/
पुन्हा थोडे मागे जाऊ. १९८७ मध्ये हेंगलाइन यांच्याच गटाने दाखवले की कॅडमियम सल्फाइडच्या कणांवर कॅडमियम हायड्रॉक्साइडचा लेप चढवला, तर मंद चमकणारे कण कमालीचे तेजस्वी होतात. शोषलेल्या दर दोन प्रकाशकणांमागे एकापेक्षा जास्त प्रकाशकण बाहेर येऊ लागले, आणि उजेडात टिकण्याची कणांची ताकदही वाढली. दोष गाभ्यात नसून पृष्ठभागात आहे, याचा हा मोठा पुरावा होता. कणाला कवच घालण्याची पुढची सारी विद्या या विचाराशी नाते सांगते.

११/
त्याच १९८७ या वर्षी फ्रान्समध्ये एक वेगळे कोडे पुढे आले. एकोल पोलिटेक्निकमधील रूसिन्योल, फ्लित्झानिस आणि सहकारी अर्धसंवाहक कण असलेल्या रंगीत फिल्टर-काचांवर तीव्र लेसर टाकून प्रयोग करत होते. काही काळ लेसर झेललेल्या काचेची दीप्ती घटलेली आणि प्रकाशाला मिळणारा तिचा प्रतिसाद अधिक वेगवान झालेला त्यांना आढळला. ताजी काच आणि ‘उजेड खाल्लेली’ काच यांवरची मोजमापे जुळत नव्हती. या घटनेला ‘प्रकाशजन्य काळवंडणे’ असे नाव पडले.

१२/
ही वरवर किरकोळ वाटणारी तक्रार प्रत्यक्षात गंभीर होती. एकाच कारखान्यातून आलेल्या, एकाच घडणीच्या दोन काचा वेगवेगळी उत्तरे देत असतील, तर कोणाचे मोजमाप खरे मानायचे? उत्तर असे निघाले की दोन्ही खरी, फक्त दोन्ही काचांचा पूर्वेतिहास वेगळा होता. मोजण्यापूर्वी नमुन्यावर किती प्रकाश पडला आहे याची नोंद नसेल, तर मोजमापाला अर्थ उरत नाही. घड्याळ आणि तराजू यांच्याइतकीच नमुन्याची दैनंदिनीही आवश्यक ठरली.

१३/
काळवंडण्याचे कारण १९९० मध्ये एफ्रोस, एकिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी मांडले. प्रकाश तीव्र असेल तर एकाच कणात एकाच वेळी इलेक्ट्रॉन-विवरांच्या दोन जोड्या तयार होतात. त्यांतली एक जोडी विलीन होताना आपली ऊर्जा प्रकाशरूपाने न देता दुसऱ्या जोडीतील एखाद्या भाराला देते. त्या धक्क्याने तो भार कणाबाहेर, आसपासच्या काचेत फेकला जातो आणि तिथेच अडकतो. पिएर ओजे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रक्रियेचे हे रूप. मागे उरतो तो विद्युतभारित कण.

१४/
असा भारित कण नंतर का चमकत नाही? पुढच्या वेळी त्यावर प्रकाश पडून नवी जोडी तयार झाली, की आत आधीच असलेला जादा भार तिची ऊर्जा हिसकावून घेतो. प्रकाश बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी हा व्यवहार उरकतो. कण प्रकाश शोषत राहतो, पण परत काहीच देत नाही. बाहेर गेलेला भार परतला किंवा कण पुन्हा उदासीन झाला, तरच तो उजळतो. काचेच्या बाबतीत त्यासाठी ती पुरेशी तापवावी लागे. काळवंडणे म्हणजे नेहमीच नासणे नव्हे, हे त्यावरून कळले.

१५/
तोवर काचेतले आणि द्रावणातले कण आकाराने एकसारखे नव्हते. १९९३ मध्ये एमआयटीत बावेंडी यांनी मरे आणि नॉरिस या सहकाऱ्यांसह तापलेल्या द्रवात रसायने एकदम सोडून कण वाढवण्याची पद्धत सिद्ध केली, आणि जवळजवळ एका मापाचे कण हाती आले. १९९६ मध्ये शिकागोतील हाइन्स आणि ग्यो-सियोने यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या गाभ्यावर झिंक सल्फाइडचे कवच चढवले. साध्या तापमानालाही दीप्तीची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या घरात गेली. आता एकेका कणाकडे पाहणे शक्य झाले होते.

१६/
याच वर्षी निर्मल, बावेंडी, ब्रस आदींचा तो शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला, ज्यातील दृश्याने हा धागा सुरू झाला. काचेवर विरळ पसरलेले कण साधारण अर्ध्या सेकंदाच्या अंतराने विझत आणि पेटत होते. असंख्य कणांची एकत्रित दीप्ती मोजताना हे कधीच दिसले नव्हते, कारण काही विझले तरी काही पेटलेले असत आणि सरासरी स्थिर भासे. प्रकाशाची तीव्रता बदलली की लुकलुकण्याची चाल बदले, झिंक सल्फाइडचे कवच असले तरीही बदले. संशोधकांचा निष्कर्ष : प्रकाशच कणातून भार बाहेर काढतो आहे.

१७/
म्हणजे लेनिनग्राडच्या सिद्धांताने समजावलेले काचेचे काळवंडणे आणि अमेरिकेत दिसलेले कणाचे लुकलुकणे यांचे मूळ एकच असावे, असा धागा जुळला. १९९७ मध्ये एफ्रोस आणि रोझेन यांनी त्याच कल्पनेवर लुकलुकण्याचे गणित मांडले. पण निसर्ग इतका सरळ निघाला नाही. २००० मध्ये कुनो, नेस्बिट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की विझण्याच्या कालावधींना एक ठरावीक माप नाही, क्षणार्धापासून मिनिटाच्या पल्ल्यापर्यंत ते पसरलेले असतात. पुढे २०११ मध्ये लॉस अ‍ॅलामॉस येथील प्रयोगांनी लुकलुकण्याचे दोन वेगळे प्रकार असल्याचे दाखवले. त्यांतला एक भारामुळे होतो, दुसरा पृष्ठभागाच्या सापळ्यांमुळे.

१८/
आता सुट्या कणाकडून थराकडे येऊ, कारण प्रत्यक्ष उपयोगात कण पातळ थराच्या रूपात येतात. थरात दोन नव्या गोष्टी घडतात. पहिली, कण एकमेकांना इतके खेटून असतात की लहान कणाने शोषलेली ऊर्जा प्रकाश न होता शेजारच्या मोठ्या कणाकडे जाते. हे १९९६ मध्ये केगन, बावेंडी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यामुळे एखादा सदोष कण केवळ स्वतः विझून थांबत नाही, शेजाऱ्यांची ऊर्जाही ओढून घेऊ शकतो. दुसरी, पातळ थरापर्यंत हवा आणि दमटपणा सहज पोहोचतात.

१९/
२००० मध्ये सांता बार्बारा येथील बुराट्टो यांच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडच्या कणांचा एकच पदर असलेला थर उजेडात ठेवला, आणि चकित करणारी गोष्ट दिसली. दमट हवेत थराचे तेज कमी न होता सुरुवातीला वाढत गेले. त्यांच्या स्पष्टीकरणानुसार प्रकाशाच्या साथीने पाण्याचे रेणू कणाच्या पृष्ठभागावर बसतात आणि तेथले सापळे बुजवतात. लोणचे मुरावे तसा थर उजेडात मुरतो. पण हे सुख टिकत नाही. प्रकाश चालूच राहिला तर ऑक्सिजन आपले काम सुरू करतो, पृष्ठभाग ऑक्सिडीभूत होतो, रंग निळ्याकडे सरकतो आणि तेज ओसरू लागते.

२०/
ऑक्सिजनचा हात किती मोठा, हे पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे स्पष्ट झाले. फान सार्क आणि सहकाऱ्यांनी झिंक सल्फाइडचे कवच असलेले एकेक कण आधी हवेत आणि मग नायट्रोजनमध्ये प्रकाशित केले. हवेत कणांचा रंग ३० ते ४० नॅनोमीटरने निळ्या बाजूला सरकला आणि सरासरी अडीच मिनिटांत ते कायमचे विझले. नायट्रोजनमध्ये रंग सरकलाच नाही आणि कण १० ते १५ मिनिटे टिकले. कवच असूनही त्याच्या फटींतून ऑक्सिजन गाभ्यापर्यंत पोहोचत होता. बर्लिनच्या पाण्यात दिसलेली झीज आता एकेका कणात मोजली गेली.

२१/
या साऱ्यांची सांगड घातली की एक क्रम दिसतो. उजेडात ठेवलेल्या उघड्या थरात एकाच वेळी तीन शक्ती काम करतात. सापळे बुजत जातात, म्हणून तेज वाढते. कणांतून भार बाहेर पडतात, म्हणून तेज घटते, पण अंधारात किंवा उष्णतेने ते पुष्कळदा परत मिळते. आणि पृष्ठभाग झिजतो, म्हणून रंग सरकतो आणि गेलेले तेज परत येत नाही. कोणत्या क्षणी कोणती शक्ती वरचढ ठरेल, हे प्रकाशाची तीव्रता, हवेची घडण, दमटपणा आणि कवचाची जाडी यांवर अवलंबून. म्हणून एका प्रयोगशाळेने ‘उजेडाने तेज वाढते’ म्हणावे आणि दुसरीने ‘घटते’ म्हणावे, यात विसंगती नाही.

२२/
२००८ मध्ये उपायाची दिशा पक्की झाली. अमेरिकेत हॉलिंग्सवर्थ यांच्या गटाने आणि फ्रान्समध्ये दुबेर्त्रे यांच्या गटाने, स्वतंत्रपणे, कॅडमियम सेलेनाइडच्या गाभ्यावर कॅडमियम सल्फाइडची अतिशय जाड कवचे वाढवली. लुकलुकणे मोठ्या प्रमाणात आटोक्यात आले. जाड कवचामुळे गाभ्यातील भार पृष्ठभागाच्या सापळ्यांपासून दूर राहतात, आणि ऊर्जा हिसकावणारी ती ओजे प्रक्रियाही मंदावते. काळवंडलेल्या काचेवरचा जुना युक्तिवाद दोन दशकांनी कणाच्या आराखड्यात उतरला.

२३/
२०१३ मध्ये क्वांटम डॉट पडद्यांच्या बाजारात आले. सोनीच्या टीव्हीमध्ये ते काचेच्या बंद नळीत भरलेले होते, तर अ‍ॅमेझॉनच्या किंडल फायर एचडीएक्समध्ये ऑक्सिजन आणि बाष्प अडवणाऱ्या दोन पटलांच्या मध्ये ठेवलेल्या फिल्ममध्ये. दोन रचना वेगळ्या असल्या तरी चिंता एकच होती. मागच्या निळ्या प्रकाशाचा मारा हजारो तास झेलूनही कणांनी रंग बदलता कामा नये. जाहिराती रंगांच्या झाल्या, कस लागला तो मोहोरबंद करण्याच्या कलेचा.

२४/
हा प्रश्न आजही मिटलेला नाही, उलट नव्या रूपात परतला आहे. कॅडमियम विषारी आहे. युरोपीय संघाच्या नियमांत विद्युत उपकरणांतील त्याची सर्वसाधारण मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के आहे. म्हणून उद्योग इंडियम फॉस्फाइडकडे वळला. पण त्याचा पृष्ठभाग चटकन ऑक्सिडीभूत होतो, आणि कवचाचे जुने धडे नव्या पदार्थावर पुन्हा गिरवावे लागले. पदार्थ बदलला म्हणून उजेड, हवा आणि पृष्ठभाग यांच्यातील तंटा संपत नाही.

२५/
या इतिहासातून आकाराचा नियम खोटा ठरत नाही, त्याला जोड मिळते. ‘हा थर किती चमकतो?’ या प्रश्नाचे उत्तर पदार्थाच्या नावात आणि कणाच्या मापात मावत नाही. तो थर किती वेळ, किती तीव्र प्रकाशात, कोणत्या हवेत राहिला, हेही सांगावे लागते. काळवंडलेली काच बिघडलेला नमुना म्हणून कोणी टाकून दिली असती, तर लुकलुकत्या कणाचा उलगडा आणि त्यावरचा उपाय कदाचित लांबला असता. फ्रान्समधील संशोधकांनी ती टाकली नाही, मोजली, आणि ती किती उजेड खाऊन बसली आहे हेही लिहून ठेवले.

(धागा समाप्त)